पडद्यामागून पाहिलेला जागतिक सिनेमा : सातारा-सांगलीचा धडा

जगातले महान चित्रपट कोणते, हे ठरवतो कोण? सिनेमावर लिहिणारी आपल्याकडची मंडळी हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. ती यादी समोर ठेवतात आणि आपण ती मुकाट्याने मान्य करतो. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेऊन जगातल्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी काढते. पहिल्या कौलात ‘बायसिकल थीव्हज’ अव्वल आला. १९६२ ते २००२ ‘सिटीझन केन’ने तो मान सोडला नाही. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ वर गेला. तेव्हा मत देणारे ८४६ जण होते. २०२२ मध्ये मतदारांची संख्या वाढवून १६०० च्या पुढे नेली, त्यात वेगवेगळ्या देशांतले आणि समूहांतले लोक घेतले, आणि शांताल अकेरमान या स्त्री दिग्दर्शिकेचा १९७५ चा ‘जान दिएलमान’ पहिला आला. चित्रपट जुनाच होता, बदलले होते मत देणारे. पंच बदलले की निकाल बदलतो, एवढे यातून सिद्ध होते. मग ‘निखळ कलात्मक निकष’ नावाची जी गोष्ट आपल्याला शिकवली जाते, ती कितपत निखळ आहे?

हा प्रश्न मी लंडन-पॅरिसच्या नव्हे, सातारा आणि सांगलीच्या मातीवर उभा राहून विचारतो आहे. त्याला कारण आहे.

मसूरचे स्टेशन

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट पहिल्यांदा दाखवले गेले. तिकीट एक रुपया. त्यात स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीची ती सुप्रसिद्ध फिल्म होती. सिनेमाच्या इतिहासाचे प्रत्येक पुस्तक या गाडीबद्दल भरभरून बोलते.

त्याच सुमारास सुभेदार रामजींचे कुटुंब साताऱ्यात राहायला आले होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावाचे नाव दाखल झाले. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, दुष्काळी कामावर खजिनदार असलेल्या वडिलांना भेटायला भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले आगगाडीने निघाली आणि सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली. त्याने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. अखेर मुलांनी स्वतः बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. बरोबर जेवण होते, पण पिण्याजोगे पाणी मिळाले नाही. मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे सारे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवले आहे.

ल्युमिएरच्या गाडीतून प्रवासी उतरतात आणि आपापल्या वाटेने जातात. मसूरच्या गाडीतून उतरलेल्यांना पुढे जायला वाटच नव्हती. भारतातले आधुनिक यंत्र आणि भारतातली जात समोरासमोर आली तो हा क्षण. तिथे कॅमेरा नव्हता, हा कोणाचा दोष नाही. पण पुढे कॅमेरा आल्यावरही आपल्या सिनेमाने अशा स्टेशनांकडे पाठच फिरवली, हा मात्र दोष आहे.

गरिबी दिसली, जात दिसली नाही

‘बायसिकल थीव्हज’ (१९४८) हा थोर चित्रपट आहे, याबद्दल वाद नाही. युद्धानंतरच्या रोममध्ये सायकल चोरीला गेलेल्या माणसाची अगतिकता डि सिकाने ज्या साधेपणाने दाखवली, तिने जगभरचे दिग्दर्शक हलले. त्याच वाटेने जाऊन बिमल रॉय यांनी १९५३ मध्ये ‘दो बिघा जमीन’ केला. कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. बलराज सहानींचा शंभू आपल्याला रडवतो. पण रडून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारा. शंभूकडे गमवायला दोन बिघे जमीन तरी होती. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, ज्याची वस्ती गावाबाहेर, त्या शेतमजुराची गोष्ट कुठे आहे? इटलीतल्या गरिबाची सायकल गेली की त्याचे काम जाते. आपल्याकडे सायकल असूनही विशिष्ट गल्लीतून ती हातात धरून चालत न्यावी लागलेली माणसे आहेत. इटालियन नववास्तववादाचा सांगाडा इथे आणताना जात हा हाडाचा भाग त्यातून गळून गेला.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’बद्दल (१९५५) हेच म्हणावे लागते. हरिहरचे घर गळते, पोरे अर्धपोटी राहतात. पण हरिहर पुरोहित आहे. त्याच्या घरात पोथ्या आहेत, अक्षर आहे. पुढे ‘अपराजितो’मध्ये अपू शाळेत जातो तेव्हा मुख्याध्यापक त्याचे कौतुक करतात. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता आणि शिपाई नसला की त्याला पाणी मिळत नव्हते. दोघेही गरीब, दोघेही हुशार. तरी दोघांच्या शाळा एक नाहीत. ‘गरिबीला जात नसते’ हे वाक्य आपल्या तोंडावर फेकणाऱ्यांनी हे दोन वर्ग शेजारी ठेवून पाहावेत.

राय यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. १९८१ मध्ये त्यांनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ केला. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारायला आलेला दुखी ब्राह्मणाच्या दारात लाकूड फोडता फोडता मरतो आणि त्याचे प्रेत दोरीने फरफटत नेले जाते. राय यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत निर्दयी आणि सर्वांत खरा शेवट आहे, असे माझे मत आहे. तरी राय म्हटले की ‘पथेर पांचाली’चे कासफुलांचे रान आठवायचे आणि ही दोरी विसरायची, ही निवड आपोआप होत नाही.

बर्लिनची लोला आणि आपली चंद्रकला

आता आपल्या मुलखाच्या सर्वांत लाडक्या विषयाकडे येऊ. तमाशा. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. हिवरगावची पवळा ही महार समाजातली कलावंतीण त्यांच्या फडाची शान होती. १९५० मध्ये मराठीत ‘पठ्ठे बापूराव’ नावाचा चित्रपटही निघाला. ब्राह्मणाने जात सोडली, हा त्याग म्हणून गायला जातो. पवळेने काय सोडले, तिला काय मिळाले, हे कोण विचारतो? महाडच्या लढ्यासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे पैसे देऊ केले तेव्हा आमच्या भगिनींना नाचवून मिळवलेला पैसा नको, म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. तमाशातली कला आणि तमाशातले शोषण वेगळे काढता येत नाही, ही समज त्या नकारामागे आहे.

ही समज पडद्यावर आली का? १९७२ चा व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’ पाहा. त्याचे मूळ जोसेफ फॉन स्टर्नबर्गच्या ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटात आहे. आणि त्या चित्रपटाचे मूळ हाइनरिख मान यांच्या १९०५ च्या कादंबरीत. जर्मन गोष्टीत प्राध्यापक राठ हा शिस्तीच्या नावाखाली पोरांना छळणारा, प्रतिष्ठेचा पुतळा आहे. लोला या गायिकेच्या नादाने तो विदूषक होतो आणि त्याच्यासोबत त्या समाजाची खोटी प्रतिष्ठाही उघडी पडते. ‘पिंजरा’मध्ये नेमके उलटे घडते. इथला मास्तर आदर्श आहे. तो घसरतो, पण गावाने उभारलेला त्याचा पुतळा शाबूत राहावा म्हणून स्वतःच्याच खुनाची शिक्षा पत्करतो. जर्मनीत पुतळा फुटतो, महाराष्ट्रात पुतळा वाचवण्यासाठी माणूस फासावर जातो.

म्हणजे मूळ कथेतले प्रतिष्ठेवरचे टीकेचे हत्यार आपल्याकडे येताना प्रतिष्ठेचे कवच बनले. आणि चंद्रकला? ती कोणत्या वस्तीतून आली, फडावर तिच्या आधी तिची आई होती का, गावातल्या पाटलापुढे तिला नकार देण्याची सोय होती का, यातले काही चित्रपट विचारत नाही. तिच्या वाट्याला आधी सूड आणि मग पश्चात्ताप येतो. ‘पिंजरा’ची गाणी, संध्याचे नृत्य, डॉ. लागूंचा अभिनय यांची तारीफ मीही करतो. पण जात पुसून टाकली की शोषणाची गोष्ट मोहाची गोष्ट बनते, हे त्यासोबत सांगितल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही.

वाटेगावचा माणूस

या मोहकथेला उत्तर त्याच मुलखातून आधीच मिळाले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात, तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यात, मांग कुटुंबात अण्णाभाऊ साठे जन्मले. शाळा जेमतेम दीड दिवसाची, मुंबईपर्यंतचा प्रवास पायी, पोटासाठी गिरणीत मजुरी. १९५८ मध्ये मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली. १९६१ मध्ये ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले.

त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले: ‘वैजयंता’ (१९६१), ‘फकिरा’ (१९६३), ‘वारणेचा वाघ’ (१९७०), ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ (१९७४) आणि आणखी काही. ‘वैजयंता’ ही तमासगीर स्त्रीची गोष्ट. ती ‘पिंजरा’च्या अकरा वर्षे आधी पडद्यावर आली. ‘फकिरा’चा नायक मांग. इंग्रज ज्या जातींना जन्मजात गुन्हेगार ठरवत होते, त्यातला तो. भुकेल्या माणसांसाठी तो खजिना लुटतो. आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये (१९२५) अळ्या पडलेल्या मांसावरून खलाशी बंड करतात आणि जगभरचे समीक्षक त्याला क्रांतीचे महाकाव्य म्हणतात. वारणाकाठच्या भुकेवरून उठलेल्या बंडाला मात्र ‘ग्रामीण चित्रपट’ म्हणून खालच्या फळीवर ठेवले जाते. ओडेसाची भूक वैश्विक आणि वाटेगावची भूक स्थानिक, हे गणित कोणी मांडले? ज्यांच्या कथांवर इतके चित्रपट निघाले ते अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी दारिद्र्यातच गेले, हेही या इतिहासात लिहिले पाहिजे.

मेणवलीचा पडदा

आता २००४ चा ‘स्वदेस’. आशुतोष गोवारीकरांचा हा चित्रपट मोठ्या प्रमाणात वाईजवळच्या मेणवलीत, कृष्णेच्या काठी चित्रित झाला. कथेतले गाव उत्तरेतले, पण वाडा आणि घाट आपल्या साताऱ्याचे. या चित्रपटात गावात सिनेमा दाखवला जातो तेव्हा मधे पडदा असतो. एका बाजूला वरच्या जाती, दुसऱ्या बाजूला खालच्या जाती. मागे बसणाऱ्यांना चित्र उलटे दिसते. वीज जाते, नासातून आलेला मोहन भार्गव पडदा खाली ओढतो, तारे दाखवतो, गाणे होते आणि सारे एक होतात.

जातीने प्रेक्षकगृहही कसे कापले जाते, हे इतक्या थेट दाखवणारे दृश्य हिंदी सिनेमात विरळ आहे. श्रेय दिलेच पाहिजे. पण पडदा ओढतो कोण? अमेरिकेहून आलेला, भार्गव आडनावाचा पाहुणा. मागच्या बाजूची माणसे उठत नाहीत, बोलत नाहीत. त्यांना बोलावले जाते. याच चित्रपटात स्टेशनवर पाणी विकणाऱ्या पोराकडून मोहन पंचवीस पैशांचे पाणी घेऊन पितो आणि त्याचे हृदयपरिवर्तन होते. ज्या जिल्ह्यात या चित्रपटाचे गाव उभे राहिले, त्याच जिल्ह्यात १९०१ मध्ये चार पोरांना घोटभर पाणी मिळाले नव्हते. १९२७ मध्ये महाडला आपल्या लोकांनी कोणाच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहिली नाही. ते स्वतः तळ्यावर गेले.

आपली समीक्षा

असे बोलले की लगेच आक्षेप येतो: ‘तुम्ही कलेत राजकारण आणता.’ याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ १९१५ मध्ये आला. संकलन, भव्यता, कॅमेरा यांसाठी तो अजून शिकवला जातो. त्यात कृष्णवर्णीयांना पशू आणि कू क्लक्स क्लॅनला तारणहार दाखवले आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९२० मध्ये ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने ‘विदिन अवर गेट्स’मधून झुंडबळीचे वास्तव पडद्यावर आणले. आधी निषेध, मग निर्मिती. निषेध करणाऱ्यांना सिनेमा कळत नव्हता असे आज कोणी म्हणत नाही.

आपल्याकडेही निर्मिती सुरू झाली आहे. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’च्या (२०१३) शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्यावर. तिथे त्रुफोच्या ‘फोर हंड्रेड ब्लोज’मधल्या (१९५९) आंत्वानची आठवण येणे साहजिक आहे. तोही शेवटी आपल्याकडे बघतो. पण आंत्वान पळत समुद्रापर्यंत पोहोचतो. जब्याला पळायला जागा नाही, म्हणून त्याच्या हातात दगड आहे. हा फरक ज्याला दिसत नाही, त्याने दोन्ही चित्रपट अर्धेच पाहिले. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) शाहीर नारायण कांबळेची भूमिका वीरा साथीदार या आपल्याच कार्यकर्त्याने केली आणि शाहिराचा आवाज व्हेनिसपर्यंत गेला.

म्हणून सातारा-सांगलीतल्या तरुणांना माझे सांगणे आहे. डि सिका पाहा, राय पाहा, आयझेनस्टाइन पाहा. पुस्तकांसारखेच चित्रपटही आपले आहेत. गावोगावच्या बुद्धविहारांत, समाजमंदिरांत, अभ्यासिकांत प्रोजेक्टर लावा आणि खेळ संपल्यावर चर्चा करा. जमीन कोणाची होती? पाणी कोणी दिले, कोणी नाकारले? गुन्हा कोणाच्या नावावर लागला? पुतळा कोणाचा वाचला? पडदा कोणी ओढला? हे पाच प्रश्न घेऊन बसलात तर कोणत्याही देशाचा चित्रपट तुमच्याशी बोलेल. पिढ्यान्‌पिढ्या पडद्याच्या मागे बसवलेल्यांना चित्र उलटे दिसले हे खरे, पण पडदा मधे आहे हे सर्वांत आधी त्यांनाच दिसले. आपली समीक्षा तिथूनच सुरू होते.