खोलीपासून हप्त्याच्या घरापर्यंत



गावचा मुलगा मुंबईला किंवा पुण्याला नोकरीस लागला, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, बिऱ्हाड कुठं केलंस? पुढे त्याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, की दुसरा प्रश्न येतो, स्वतःचं घर कधी घेणार? ह्या दुसऱ्या प्रश्नापायी गावाकडची एखादी एकर विकली जाते, आईच्या पाटल्या मोडल्या जातात, वडिलांच्या फंडाची रक्कम शहरात जाते. म्हणजे घर शहरात होते, पण त्याचा पाया पुष्कळदा खेड्यातल्या पैशावर घातलेला असतो. म्हणून शहरातल्या घराची ही हकिगत मी मुद्दाम आपल्यापुढे, खेड्यातल्या श्रोत्यांपुढे आणि शिक्षक मंडळींपुढे मांडणार आहे.

सुरुवात करू या ती मुंबईहून नव्हे, तर पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावाहून. १८७५ सालच्या मे महिन्यात तिथल्या बाजारात शेतकरी उठले. त्यांचा रोख सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं ह्यांवर होता. खतं हिसकावून घेतली आणि जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. शेतकऱ्याचा राग का होता? ज्या कागदावर त्यानं अंगठा उठवला होता, त्यात काय लिहिलं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढे १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्यानं करून द्यावयाचे दस्त नोंदणी कामगारासमोर व्हावेत, अशी तजवीज त्यात होती. न वाचलेला कागद माणसाला बुडवतो, हा धडा सरकारला सुद्धा त्या आगीनंतरच मिळाला. हा धडा लक्षात ठेवा, कारण पुढे तो पुन्हापुन्हा येणार आहे.

आता मुंबईकडे वळू. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडाची गिरणी उभारण्याचं काम हाती घेतलं, आणि पुढच्या तीसचाळीस वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. कोकणातून, घाटावरून माणसं येऊ लागली. त्यांना राहायला मिळाली ती चाळीतली खोली. एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गडी. कुणी दिवसपाळीला, कुणी रातपाळीला, त्यामुळे एकाच जागी दोघांची पथारी. भाडं वाटून घ्यायचं, जेवण खानावळीत. कोकणातल्या कित्येक गावांच्या अशा गावकीच्या खोल्या होत्या. तिथं घर विकत घेण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. घर गावाला, मुंबईत नुसती खोली, असा हिशेब होता.

१८९६ साली प्लेग आला. मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून साथ पसरली, माणसं मुंबई सोडून पळाली. तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ साली शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती आखली, काही चाळीही बांधल्या. पुढे १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खातं निघालं, ज्याला लोक आजही इंग्रजी आद्याक्षरांनी बीडीडी म्हणतात. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर १ रुपया कर बसवून पैसा उभा करायचा आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या सुमारे १६ हजार. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. ह्या चाळींनी हजारो कुटुंबांना आसरा दिला खरा, पण मालकी सरकारची, राहणारा भाडेकरू. स्वतःच्या घराचा प्रश्न त्यानं सुटला नाही.

तो सोडवण्याची वाट दाखवली ती सहकारानं. आणि गंमत अशी, की सहकाराचा कायदा शहरवाल्यांसाठी झालाच नव्हता! सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा करण्यात आला. तो फक्त कर्ज देणाऱ्या संस्थांपुरता होता. १९१२ साली त्याची व्याप्ती वाढली आणि इतर कामांसाठीही संस्था काढता येऊ लागल्या. ह्याचा फायदा घेऊन रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. कल्पना साधी होती. एकट्या कारकुनाला घर बांधणं जमत नाही, त्याला कुणी मोठं कर्जही देत नाही. पण पुष्कळ जण एकत्र आले, प्रत्येकानं भाग घेतले, तर संस्थेला पत येते. इमारत संस्थेची, आणि संस्था सभासदांची. भाडं भरायचं ते आपल्याच संस्थेला. बघा, शेतकऱ्यासाठी पेरलेलं बी शहरात असं उगवलं.

एवढं असूनही बहुसंख्य माणसं भाड्यानंच राहत होती. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ साली भाड्यावर नियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा झाला आणि जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला आधार मिळाला. त्याला उठवून बाहेर काढणं अवघड झालं. पण नाण्याला दुसरी बाजू होती. भाडं वाढत नाही, म्हणून मालकानं दुरुस्ती सोडली. नव्या माणसाला खोली हवी, तर मालक हातावर आगाऊ रक्कम मागू लागला. हीच ती पागडी. १९४७ च्या कायद्यानं पागडी घेणं गुन्हा ठरवलं होतं, तरी ती घेतली जात होती. आता जो व्यवहार कायद्याला मान्य नाही, त्याची पावती कोण देणार? गावची जमीन विकून आणलेले पैसे अशा रीतीनं बिनपावतीचे गेले. तंटा झाला तर दाखवायला हातात काही नाही. सुप्याच्या शेतकऱ्याजवळ न वाचलेला कागद होता, पागडीवाल्याजवळ कागदच नव्हता. पुढे १९९९ च्या नव्या भाडे कायद्यानं, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, अशी रक्कम घेण्यास मुभा दिली. पण मधली पन्नास वर्षं लोकांनी केवळ विश्वासावर काढली.

भाड्यात फायदा उरला नाही, तेव्हा इमारती बांधणारे घरं भाड्यानं देण्याऐवजी विकू लागले. ‘ओनरशिप’ हा शब्द मुंबईच्या बोलण्यात रुळला. पण मालकी म्हणजे नेमकं काय? लोक पैसे भरीत, इमारत अर्धवट राही. कधी तीच जागा दोघांना विकली जाई. कधी जमिनीचा मालक भलताच निघे. म्हणून १९६३ साली महाराष्ट्र राज्यानं मालकी सदनिकांचा कायदा केला. बांधणाऱ्यानं जमिनीचा हक्क आणि मंजूर नकाशा दाखवावा, २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदवावा, घरं घेणाऱ्यांची संस्था स्थापन करावी आणि जमीन व इमारत संस्थेच्या नावानं करून द्यावी, अशी बंधनं आली. ह्यातलं प्रत्येक कलम म्हणजे कुणाच्या तरी बुडालेल्या पैशाची आठवण आहे, असं समजा.

कायदा आला, पण पैसा कुठून आणायचा? त्या काळी नोकरदाराला घरासाठी बँकेचं कर्ज क्वचितच मिळे. फंडातून उचल, दागिने, नातेवाइकांचे उसने, असं करून घर होई ते निवृत्तीच्या सुमारास. हे चित्र पालटलं ते १९७७ साली. हसमुखभाई ठाकोरदास पारेख हे लहानपणी मुंबईच्या चाळीत राहिलेले गृहस्थ. आयसीआयसीआय ह्या वित्तसंस्थेत मोठ्या हुद्द्यावर काम करून निवृत्त झाल्यावर, वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांनी एचडीएफसी ही केवळ घरासाठी कर्ज देणारी कंपनी काढली. नोकरदार माणूस महिन्याच्या महिन्याला हप्ता भरील, ह्या भरवशावर तिचा कारभार चालला, आणि तो भरवसा खरा ठरला. १९८८ साली अशा संस्थांवर देखरेख करण्यासाठी राष्ट्रीय आवास बँक निघाली, मागोमाग इतर बँकाही ह्या कामात उतरल्या. पारेखांची ती कंपनी १ जुलै २०२३ रोजी आपल्याच घराण्यातल्या बँकेत विलीन झाली, पण तिनं पाडलेली वाट कायम आहे.

आता ह्या हप्त्याचं गणित पाहू. शिक्षक मंडळींनी हे फळ्यावर मांडून दाखवावं. समजा १० लाख रुपये कर्ज, व्याज दरसाल ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ८,६७८ रुपये. पहिल्या हप्त्यातले ७,०८३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त १,५९५ रुपये! वीस वर्षांत एकूण भरणा होतो सुमारे २० लाख ८३ हजार. म्हणजे मुद्दलाहून व्याज जास्त. तेच कर्ज १५ वर्षांत फेडलं, तर हप्ता ९,८४७ रुपये, आणि एकूण भरणा १७ लाख ७३ हजार. महिन्याला पावणेबाराशे रुपयांच्या आसपास जास्त भरले, की ३ लाखांवर वाचतात. व्याजाचा दर बदलता असेल, तर आणखी एक जपायचं. दर चढला की पुष्कळदा हप्ता तेवढाच राहतो आणि मुदत गुपचूप लांबते. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावं, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं आहे. म्हणून बँकेकडून येणारं पत्र वाचल्याशिवाय बाजूला ठेवू नये.

आणि कर्ज सगळ्या किमतीचं मिळत नाही, बरं का. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे ह्यात धरला जात नाही. गावाकडे मागणी येते ती ह्याच फरकाच्या रकमेची. ती देण्यापूर्वी थोडं थांबावं.

थांबून पाहायचं काय? आपल्याला शेतीचा सातबारा आणि फेरफार चांगला कळतो. शहरात त्या जागी मालमत्ता पत्रक असतं. त्यावर नाव कुणाचं, बोजा कुणाचा, हे पाहावं. तीस वर्षांचा हक्काचा शोध वकिलाकडून करून घ्यावा. बांधकाम चालू असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. २०१६ साली संसदेनं स्थावर संपदा कायदा केला आणि २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा काम करू लागली. ह्या कायद्यानं १० टक्क्यांहून जास्त रक्कम करार नोंदवल्याखेरीज घेता येत नाही. घरं घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के भाग त्याच बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. किंमत सांगताना चटई क्षेत्र, म्हणजे प्रत्यक्ष वापराची जागा किती, हे सांगावं लागतं. अगदी लहान बांधकामांना नोंदणीतून सूट आहे, तिथं दुप्पट सावध राहावं. तयार घर असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र आहे का, आणि संस्थेच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, हे विचारावं. पैसे चेकनं किंवा बँकेमार्फत द्यावेत, पावतीशिवाय रुपयासुद्धा देऊ नये.

कर्ज फिटल्यावर गहाण पडलेले मूळ कागद परत आणायला विसरू नये. १ डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे, की कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेनं ते परत करावेत. तिच्या चुकीनं उशीर झाला, तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते.

सुप्याच्या बाजारात कागद जळाले, त्याला आता दीडशे वर्षं होऊन गेली. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ साली १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांची घरं मिळाली. एवढा पल्ला आपण गाठला आहे. पण अजूनही गावचा एखादा बाप पोराच्या शब्दावर कराराला न वाचता सही करतो आणि जमीन विकून मोकळा होतो. शिक्षक मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे, की असा कागद घेऊन कुणी आपल्या शाळेत किंवा ओट्यावर आला, तर तो त्याला सावकाश वाचून दाखवा. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि वकिलाकडे पाठवा. आणि पालक मंडळींना सांगतो, मुलानं घाई केली तरी आपण घाई करू नये. घर चार महिने उशिरा झालं तर बिघडत नाही, पण विकलेली एकर परत येत नाही.