वॉशिंग्टन : एका आडनावाची कुळकथा

वॉशिंग्टन हे आडनाव ग्रामनामावरून आले आहे. ईशान्य इंग्लंडमधील पूर्वीच्या डरहॅम परगण्यात या नावाचे गाव असून, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम द हर्टबर्न या सरदाराने ते मिळवले आणि गावाचेच नाव धारण केले. त्याच्या वंशातील लॉरेन्स वॉशिंग्टन याने १५३९ मध्ये नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातील सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली. या शाखेतील जॉन वॉशिंग्टन १६५७ च्या सुमारास अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीत स्थायिक झाला. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२-१७९९) हे त्याचे पणतू होत.

जॉर्ज यांना स्वतःचे अपत्य नव्हते. त्यांच्या मृत्यूच्या वर्षी माउंट व्हर्नन येथील त्यांच्या मळ्यांवर मात्र ३१७ गुलाम होते. १८६५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आल्यावर मुक्त झालेल्या अनेक कृष्णवर्णीयांनी वॉशिंग्टन हे आडनाव लावले. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तर लहानपणी शाळेच्या हजेरीपटासाठी ते स्वतःच निवडले होते. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत या आडनावाच्या १,६३,०३६ व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होत्या. इंग्रज जमीनदारांचे हे आडनाव अमेरिकेत मुख्यत्वे गुलामांच्या वंशजांनीच पुढे चालवले आहे.