परक्या देशासाठी लढलेल्या वैमानिकांची स्मारकं सांभाळतं कोण? पॅरिसजवळच्या एका कमानीची गोष्ट

पॅरिस म्हटलं की आयफेल टॉवरनंतर आठवते ती आर्क द त्रिओम्फ, म्हणजे विजयकमान. पण पॅरिसच्या पश्चिमेला मार्न-ला-कोकेत नावाच्या छोट्या गावाजवळ, एका उद्यानात, साधारण त्याच धर्तीची आणि आकाराने निम्मी अशी दुसरी कमान उभी आहे. तिथे फारसे पर्यटक जात नाहीत. या कमानीच्या खाली एक तळघर आहे आणि त्यात ६८ दगडी शवपेट्या आहेत. प्रत्येक पेटी एका अमेरिकन वैमानिकाच्या नावाची.

हे वैमानिक अमेरिकेच्या सैन्यात भरती होऊन तिथे गेले नव्हते. त्यांचा देश युद्धात उतरलाही नव्हता, तेव्हा ते स्वतःहून फ्रान्ससाठी लढायला गेले. आता प्रश्न असा, की आपल्या देशाने पाठवलंच नव्हतं, अशा माणसांच्या परदेशातल्या स्मारकाची काळजी शंभर वर्षं कोण घेणार?

हे स्वयंसेवक होते तरी कोण?

पहिलं महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झालं. अमेरिका त्यात उतरली थेट एप्रिल १९१७ मध्ये. मधल्या काळात काही तरुण अमेरिकन फ्रान्समध्ये पोहोचले. कोणी रुग्णवाहिका चालवत होतं, तर कोणी फ्रान्सच्या 'फॉरेन लीजन' या परदेशी सैनिकांच्या दलात भरती झालं होतं. या दलात फ्रान्सशी निष्ठेची शपथ घ्यावी लागत नसे, त्यामुळे स्वतःचं नागरिकत्व शाबूत राहत असे.

यातल्याच काही जणांनी अमेरिकन वैमानिकांची वेगळी तुकडी असावी असा आग्रह धरला. नॉर्मन प्रिन्स हे त्यातलं एक ठळक नाव. अखेर २० एप्रिल १९१६ रोजी फ्रेंच हवाई दलात ही तुकडी उभी राहिली. सुरुवातीचं नाव होतं 'एस्काद्रीय अमेरिकेन', म्हणजे अमेरिकन तुकडी. तटस्थ देशाच्या नावाने तुकडी लढते आहे म्हटल्यावर जर्मनीने हरकत घेतली. मग त्याच वर्षाच्या अखेरीस नाव बदलून 'लाफायेत एस्काद्रीय' झालं. लाफायेत हा फ्रेंच सरदार अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता. त्या उपकाराची परतफेड, असा या नावाचा अर्थ.

या तुकडीत एकूण ३८ अमेरिकन वैमानिकांनी उड्डाण केलं. कॅप्टन जॉर्ज थेनो हे त्यांचे फ्रेंच प्रमुख होते. इच्छुकांची संख्या वाढत गेली, तसे बाकीचे स्वयंसेवक इतर फ्रेंच तुकड्यांमध्ये विखुरले गेले. या सगळ्यांना मिळून 'लाफायेत फ्लाइंग कोअर' म्हटलं जातं. त्यांची एकूण संख्या दोनशेहून अधिक होती.

किती धोक्याचं होतं हे काम?

तेव्हाची विमानं म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. वैमानिकाकडे पॅराशूट नसे. इंजिनाने पेट घेतला, तर सुटकेची वाट जवळपास नव्हतीच. तुकडी सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, २३ जून १९१६ रोजी व्हिक्टर चॅपमन व्हर्दूनजवळ मारला गेला. तुकडीचा हा पहिला बळी. तुकडीसाठी पहिलं जर्मन विमान पाडणारा किफिन रॉकवेल सप्टेंबरमध्ये गेला. ऑक्टोबरमध्ये खुद्द नॉर्मन प्रिन्स विमान उतरवताना तारेला अडकून कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला.

फेब्रुवारी १९१८ मध्ये ही तुकडी अमेरिकन सैन्यात सामील करून घेण्यात आली. पण सगळ्यांना नाही. फ्रान्ससाठी उडणाऱ्या युजीन बुलार्ड या कृष्णवर्णीय वैमानिकाला अमेरिकेच्या हवाई दलाने घेतलं नाही. त्या काळच्या वर्णभेदापुढे त्याचा अनुभव कामी आला नाही.

स्मारक कसं उभं राहिलं?

युद्ध संपलं तेव्हा मृत वैमानिकांच्या कबरी फ्रान्सभर ठिकठिकाणी होत्या. काहींचे मृतदेह सापडलेच नव्हते. या सगळ्यांना एका जागी आणावं, या विचारातून स्मारक उभं राहिलं. पैसा मुख्यतः खासगी देणग्यांमधून आला. न्यूयॉर्कचे वकील विल्यम नेल्सन क्रॉमवेल हे त्यातले मोठे देणगीदार. वास्तुविशारद होते अलेक्सांद्र मार्सेल. ४ जुलै १९२८ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, स्मारकाचं लोकार्पण झालं.

मधोमध कमान, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, समोर पाण्याचा हौद अशी रचना आहे. तळघरात १३ रंगीत काचचित्रं आहेत आणि त्यांत युद्धभूमीवरून झेपावणारी विमानं दिसतात. ६८ पैकी सगळ्या पेट्यांमध्ये अवशेष नाहीत. ४९ वैमानिक आणि त्यांचे दोन फ्रेंच अधिकारी इथे चिरनिद्रा घेत आहेत. बाकीच्या पेट्या फक्त नावासाठी आहेत.

मग अडचण कुठे आली?

अमेरिकेच्या परदेशातल्या युद्धस्मारकांसाठी १९२३ पासून एक सरकारी आयोग आहे, 'अमेरिकन बॅटल मॉन्युमेंट्स कमिशन'. पण हे स्मारक खासगी होतं. म्हणून १९३० मध्ये त्याच्यासाठी एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झालं आणि देखभालीची जबाबदारी त्याच्याकडे गेली.

सुरुवातीला हे जमतंही. वाचलेले सहकारी असतात, आईवडील असतात, देणगीदार असतात. पण दोन पिढ्यांनंतर ओळखीचं कोणीच उरत नाही. ठेव तेवढीच राहते, खर्च मात्र दरवर्षी वाढतो. दगड तर कोणाची वाट बघत नाही.

जमिनीखालच्या बांधकामाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पाणी. वरच्या फरशीच्या सांध्यांमधून पावसाचं पाणी झिरपतं. त्याच्यासोबत क्षार येतात, ते भिंतीवर साचून दगडाचा पृष्ठभाग सोलून काढतात. आत लोखंड असेल तर ते गंजून फुगतं आणि तडे जातात. काचचित्रांच्या शिशाच्या पट्ट्या सैल पडतात. हे वेळेत थांबवलं, तर काम फक्त सांधे भरण्याचं आणि पाण्याचा निचरा सुधारण्याचं असतं. वीस-तीस वर्षं टाळलं, तर सगळी इमारतच उकलावी लागते. लाफायेत स्मारकाचंही पाणी झिरपून असंच नुकसान होत गेलं आणि प्रतिष्ठानाला एकट्याने हा भार पेलणं कठीण झालं.

अखेर तुकडीच्या शताब्दीचं निमित्त झालं. अमेरिका आणि फ्रान्स दोन्हीकडून मदत आली आणि मोठी दुरुस्ती झाली. २० एप्रिल २०१६ रोजी कमानीवरून दोन्ही देशांच्या लढाऊ विमानांनी सलामी दिली. त्याहून महत्त्वाची गोष्ट जानेवारी २०१७ मध्ये झाली. स्मारकाची मालकी आणि देखभाल सरकारी आयोगाकडे गेली. म्हणजे पुढच्या गळतीसाठी पुढच्या शताब्दीची वाट बघायची गरज उरली नाही.

सगळीकडे असंच होतं का?

नाही. ब्रिटन आणि राष्ट्रकुल देशांनी सुरुवातीपासून वेगळी वाट धरली. १९१७ मध्येच एक आयोग स्थापन झाला, आज तो 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन' म्हणून ओळखला जातो. सहा देश त्याचे सदस्य आहेत आणि भारत त्यांपैकी एक. ज्या देशाच्या जितक्या कबरी, त्या प्रमाणात त्याने खर्चाचा वाटा उचलायचा, असा हिशेब आहे. हुद्दा, धर्म, वंश यांवरून भेद करायचा नाही, हे आयोगाचं तत्त्व.

याचा थेट संबंध मुंबईशी आहे. पहिल्या महायुद्धात मोजके भारतीय ब्रिटिश हवाई दलात अधिकारी वैमानिक झाले. त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. २३ क्रमांकाच्या तुकडीतून ते 'सॉपविथ डॉल्फिन' हे लढाऊ विमान उडवत. २७ जून १९१८ रोजी त्यांचं विमान पाडलं गेलं आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. उत्तर फ्रान्समधल्या हांगार्द गावातल्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. अवघ्या १९ वर्षांचे इंद्रलाल रॉय त्यानंतर महिन्याभरात गेले, त्यांची कबरही उत्तर फ्रान्समध्येच, एस्तव्हेल गावात आहे. घरचं कोणी तिथे रोज जाऊ शकत नाही, तरी त्यांची काळजी घेतली जाते, कारण ती जबाबदारी एका कायम संस्थेवर आहे.

हीच व्यवस्था उलट दिशेनेही चालते. पुण्यातल्या खडकी युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातले दीड हजारांहून अधिक सैनिक आहेत. त्यांच्या घरच्यांसाठी पुणे हाच परदेश. तिथली देखभालही हाच आयोग करतो.

देखभाल म्हणजे फक्त दगडांची नाही

लंडनच्या नॉर्थहोल्ट विमानतळाजवळ पोलंडच्या वैमानिकांचं स्मारक आहे. देश जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर हे वैमानिक ब्रिटनमधून लढले. १९४८ मध्ये स्मारक उभं राहिलं, तेव्हा सगळी नावं कोरली गेली नव्हती. १९९० च्या दशकात दुरुस्ती झाली आणि आणखी शेकडो नावं तिथे आली. म्हणजे नोंदी तपासत राहणं हासुद्धा जतनाचाच भाग आहे.

थोडक्यात, असं स्मारक टिकायला तीन गोष्टी लागतात : कायद्याने ठरलेला मालक, दरवर्षी मिळणारा पैसा आणि नावांची अचूक यादी. लाफायेत स्मारकाकडे यादी होती. उरलेल्या दोन गोष्टी भक्कम व्हायला ८८ वर्षं लागली.

तुमच्या घरातलं कोणी महायुद्धात गेलं होतं का? राष्ट्रकुल आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकून मोफत शोधता येतं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे लिहून बघा. वेलिणकरांसारखी मराठी नावं तेव्हाच्या नोंदींमध्ये कशीही लिहिली गेलेली असू शकतात.