वाहन-प्रोसेसर
मोटारीचे इंजिन, ब्रेक, एअरबॅग व डॅशबोर्डवरील पडदा नियंत्रित करणारी संगणकीय चिप. १९७७ मध्ये अमेरिकेतील ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीत ठिणगीची वेळ मायक्रोप्रोसेसर ठरवू लागला. भारतात या चिपची बाजारपेठ फुगण्यामागे ग्राहकाच्या हौसेइतकाच कायद्याचाही हात आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही वाहन-प्रदूषणाची मानके लागू झाली आणि इंधन व धुरावर काटेकोर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण अपरिहार्य ठरले. सातपाटीहून पापलेट घेऊन निघणारा नवा डिझेल टेम्पोही त्याला अपवाद नाही.

ही चिप उष्णता, हादरे व दमट हवा सोसत वर्षानुवर्षे चालावी लागते. इंजिनाजवळच्या चिपची चाचणी साधारणतः उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत होते. त्यामुळे मोबाइलची चिप सहसा तशीच उचलून बसवता येत नाही. २०२१ च्या चिप-टंचाईत हेच नडले: महिंद्राने त्या सप्टेंबरमध्ये वाहन-उत्पादनात २० ते २५ टक्के घट होईल असे जाहीर केले.

इन्फिनियॉन, एनएक्सपी, रेनेसास हे जुने पुरवठादार; क्वालकॉम व एनव्हिडिया नंतर उतरले. महाराष्ट्राचे खरे बळ या चिपवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. पुण्याची केपीआयटी (स्थापना १९९०) त्यात अग्रेसर आहे. चिप मात्र अजून मुख्यतः परदेशातूनच येते, आणि ही उणीव गंभीर आहे.