अवसेचं पाणी

2 ऑगस्ट 2016, मंगळवार. आषाढ अमावास्या. तुम्ही वरंधमध्ये एका पडवीत उभे आहात. पागोळ्या थांबायचं नाव घेत नाहीत. समोरची खाचरं तुडुंब भरलीत, लावलेल्या रोपांची नुसती टोकं वर दिसतायत. कावळ्या किल्ल्याच्या कड्यांवरून सुटलेलं पाणी ओढ्यांना मिळतं, ओढे नदीला मिळतात आणि सगळं शेवटी सावित्रीत जातं. सावित्री मुळात महाबळेश्वरची, आणि तिकडेही धो धो कोसळतोय. घरातले आजोबा म्हणतात, "पाव्हनं, आज खाली उतरू नका. पाणी लय चढलंय." तुम्ही तरी उतरता.

रात्री साडेअकराच्या सुमारास तुम्ही मुंबई-गोवा महामार्गावर, महाड आणि पोलादपूरच्या मधे आहात. नदीवर दोन पूल शेजारी शेजारी आहेत. त्यातला जुना 1928 सालचा, दगडी कमानींचा. मुंबईकडे जाणारी वाहनं त्याच्यावरून जातात. काळोखात नदी दिसत नाही, पण तिची घरघर पायांत जाणवते. एका एसटीचे दिवे पुलाकडे येतात, पुढे सरकतात आणि एकदम दिसेनासे होतात. पूल तिथे उरलेलाच नाही. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसट्या आणि एक खासगी गाडी या रात्री सावित्रीत जाते.

जवळच्या गॅरेजातला एक कामगार हे बघतो आणि भर पावसात रस्त्यावर धावत सुटतो. हात हलवत, ओरडत तो येणारी वाहनं थांबवतो. किती जण त्यामुळे वाचले, हे मोजता येणार नाही. पण या रात्रीचं पहिलं बचावकार्य हेच. ते ना गणवेशातल्या माणसाने केलं, ना कुणाच्या हुकमावरून.

सकाळ होते. एनडीआरएफ येतं, नौदलाचे पाणबुडे येतात, तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं नदीवरून समुद्राकडे जातात. 300 किलोचं लोहचुंबक पाण्यात सोडतात. दोर ताणला की दोन्ही काठांवरच्या गर्दीचा श्वास अडकतो. दोर सैल पडला की बायका पुन्हा खाली बसतात. पाणी इतकं गढूळ की पाणबुड्याला स्वतःचा हात दिसू नये. शिवाय सावित्रीत मगरी. अशा वेळी काठावरच्या मंडळींजवळ जाऊन उभे राहा. डोह कुठे आहे, धार कुठल्या काठाला आदळते, उन्हाळ्यात वाळू कुठे उघडी पडते, हे त्यांना पाठ असतं. पहिल्या एसटीचा सांगाडा सापडतो 11 ऑगस्टला, पुलापासून जेमतेम 200 मीटरवर. दुसरी 13 ऑगस्टला.

माणसं मात्र तिथे थांबली नव्हती. प्रवाहाबरोबर तुम्हीही खाली चला, दासगाव, आंबेत आणि मग बाणकोटची खाडी. समुद्राची भरती पार महाडपर्यंत चढते आणि अवसेच्या उधाणात नदीचं पाणी कोंडून धरते. मग ओहोटी लागते आणि सगळं एकदम ओढून नेते. देह मिळाले ते हरिहरेश्वरला, केळशीला, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर. मासेमारीची बंदी 31 जुलैला उठली होती, पण नारळी पौर्णिमा अजून पंधरवड्यावर. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत. खवळलेल्या दर्यात होडी घालणं म्हणजे होडी आणि जीव दोन्ही पणाला लावणं. वाहून आलेलं नेमकं कुठल्या वळणाला लागेल, हे नकाशापेक्षा खाडीत जन्म काढलेल्याला अधिक कळतं. म्हणून शोध करणाऱ्या यंत्रणेने सगळ्यात आधी त्याला विचारायला हवं.

आता याच समुद्रावर मागे चला. 17 जुलै 1947. हीसुद्धा आषाढातली अवस. सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीवर तुम्ही आहात. ज्या समर्थांची शिवथरघळ वरंधच्या अंगाला आहे, त्यांचंच नाव या बोटीला. डेकवर खच्चून गर्दी. काशाच्या खडकाजवळ पाऊस अंधारून येतो, लाटा आत शिरतात, घाबरलेली माणसं सगळी एका बाजूला धावतात आणि बोट कलंडते. सहाशेहून अधिक लोक गेले. मुंबईला पत्ता लागेपर्यंत दुपार उलटली.

पण पाण्यात धडपडताना तुम्हाला होड्या दिसतात. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघालेत. ते टोपल्याच्या टोपल्या समुद्रात रिकाम्या करतात आणि त्या जागेत माणसं ओढून घेतात. 75 जणांना त्यांनी वाचवल्याचं सांगतात. टाकलेली मासळी म्हणजे त्या घरांची कमाई होती.

ब्रिटनमध्ये अशा लोकांची 1824 सालीच संस्था झाली. तिच्या जीवनरक्षक नौकांवर आजही मुख्यतः स्वयंसेवक असतात. कुणी कोळी, कुणी दुकानदार. हाक आली की हातातलं काम टाकून धावतात. त्यांची नौका, कपडे, प्रशिक्षण लोकांच्या देणग्यांतून येतं. आपल्याकडे धावणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मागे उभं राहणारं कुणी नव्हतं.

पुन्हा डोंगराकडे. 28 जुलै 2018, आंबेनळी घाट. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. 30 जण दगावले, एकच वाचला. दोर लावून खाली उतरणाऱ्यांत महाबळेश्वर ट्रेकर्स आणि सह्याद्री ट्रेकर्सची पोरं होती, पोटापाण्याचा उद्योग सोडून आलेली.

22 जुलै 2021. वरंधच्या परिसरातलं तळीये. संध्याकाळी दरड वाडीवर उतरते आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली जातात. तुम्ही मदतीसाठी महाडकडे बघता, तर महाड पाण्याखाली. बाजारपेठेत होडी चालवावी लागतेय, रस्ते तुटलेत, फोन लागत नाहीत. बाहेरची पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडतो. तोवर आसपासची माणसं फावडी, पहारी आणि नुसत्या हातांनी चिखल उपसतात.

तो पहिला दिवस दर वेळी याच लोकांच्या वाट्याला येतो. मेमध्ये तालुक्याच्या पावसाळी बैठका होतात, तेव्हा त्यांना खुर्ची द्या. लाइफ जॅकेट, चांगला दोर, वॉकीटॉकी, रबरी बोट द्या आणि ती बोट महाडच्या गोदामात न ठेवता नदीकाठच्या गावात ठेवा. उतरणाऱ्याच्या नावाने विमा काढा. आणि तहसीलदारांच्या टेबलावरच्या यादीत बाणकोट खाडीतल्या होडीवाल्याचा चालू मोबाइल नंबर असू द्या, 1 जूनच्या आत.