हिंगोलीचा हरिसिंग आणि विलायती पडद्यावरचा ठग

हिंगोलीत पत्ता विचारला की पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी नावं कानावर येतात. निजामाच्या तिजोरीतून पगार घेणारी आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमात चालणारी फौज इथे होती. 1903 मध्ये ही फौज, म्हणजे हैदराबाद कंटिंजंट, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली, छावणीचे दिवस सरले, नावं तेवढी मागे राहिली. महाराष्ट्राला हा जिल्हा ठाऊक आहे तो औंढ्याच्या नागनाथामुळे आणि नर्सीच्या नामदेव महाराजांमुळे. इंग्रजी वाचकांपुढे मात्र 1839 साली हिंगोलीचं नाव गेलं ते एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या निमित्तानं. हा व्यापारी ठगांचा म्होरक्या होता.

हरिसिंग त्याचं नाव. छावणीत त्याची पत होती, साहेबलोकांचे त्याच्याशी व्यवहार चालत. एकदा त्यानं जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणारे कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे अर्ज केला, की मुंबईहून कापड आणायचं आहे, परवाना मिळावा. परवाना मिळाला. मुंबईहून कापड खरोखरच निघालं होतं, पण ते दुसऱ्याचं. हिंगोलीपासून जवळच्या एका गावचा व्यापारी ते घेऊन येत होता आणि हरिसिंगला ते पक्कं ठाऊक होतं. व्यापारी, त्याचे नोकर, बैल हाकणारी माणसं, सगळ्यांना टोळीनं संपवलं. माल साहेबाच्याच परवान्यावर बिनबोभाट छावणीत आला आणि भर बाजारात विकला गेला. पुढे पकडला गेल्यावर हरिसिंगनं आपणहून ही हकिकत सांगितली, तीही मोठी गंमत केल्यासारखी.

एवढ्यावर भागलं नाही. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, या टोळीनं कितीतरी माणसं मारली होती. प्रेतं पुरली होती पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर. जागा म्हणजे नदीला मिळणारा एक कोरडा ओहोळ, चरापेक्षा रुंद नाही की खोल नाही, शेजारच्या गावाच्या रहदारीच्या रस्त्याला लागून. माफीचे साक्षीदार झालेले ठग थंडपणे एकेक जागा दाखवत गेले, खणणारे खणत गेले, प्रत्येक खड्ड्यात अनेक प्रेतं. शेवटी बघणाऱ्यांना शिसारी आली आणि खोदकाम अर्ध्यावरच थांबवलं गेलं.

हे लिहून ठेवणारा फिलिप मेडोज टेलर तिथे हजर होता, आणि हरिसिंगशी व्यवहार केलेल्यांपैकीही होता. 1808 मध्ये लिव्हरपूलला जन्मलेला टेलर कोवळ्या वयात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करायला मुंबईला आला आणि तिथून निजामाच्या लष्करात गेला. तुळजापूरच्या मुलखात पोलिसी काम करताना त्याला रस्त्याकडेला बेवारस प्रेतं आढळत होती. पण छडा लागायच्या आधीच त्याला पलटणीत परत जावं लागलं आणि ठगीच्या शोधाचं श्रेय जबलपूरच्या विल्यम स्लीमनकडे गेलं. ही खंत त्यानं आत्मचरित्रात नोंदवली आहे. हिंगोलीची हकिकत आहे ती ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या त्याच्या तीन खंडांतल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत. या कादंबरीची छापखान्यातली कच्ची पानं राणी व्हिक्टोरियानं मागवून वाचली, असं तोच सांगतो.

हिंगोलीच्या या गोष्टीत ना गुहा, ना अक्राळविक्राळ मूर्ती. आहे तो बाजार, उधारी, ओळख आणि सरकारी कागद. ठगांचा सगळा धंदाच मुळी विश्वासावर चाले. वाटसरूंशी गोड बोलून सोबत करायची, चार मुक्काम एकत्र काढायचे आणि तंबाखू मागण्यासारख्या साध्या शब्दाच्या इशाऱ्यावर रुमाल गळ्यात टाकायचा.

विलायती पडद्याला हा बाजार कधी दिसला नाही.

हिंदुस्थान कसा दाखवायचा हे तिथे आधीच ठरलेलं होतं. 1938 मध्ये अलेक्झांडर कोर्डाचा ‘द ड्रम’ मुंबईत लागला. वायव्य सरहद्दीवरचा कपटी पठाण, शूर गोरे सैनिक आणि त्यांच्याशी इमान राखणारा छोटा राजपुत्र, म्हणजे म्हैसूरकडचा नट साबू. मुंबईकर प्रेक्षकांनी निदर्शनं केली, ‘फिल्मइंडिया’चे संपादक बाबुराव पटेल यांनी लेखणी परजली आणि चित्रपट उतरवावा लागला. बाबुरावांची भाषा अनेकदा पातळी सोडी, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य असे. पण विलायती सिनेमा बघून नुसतं दिपून न जाता त्याला जाब विचारणारा प्रेक्षक त्यांनी घडवला, यात वाद नाही.

ठगांची पाळी आली 1959 मध्ये. भीतिपटांसाठी नावाजलेल्या हॅमर कंपनीनं ‘द स्ट्रँग्लर्स ऑफ बॉम्बे’ काढला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, चित्रीकरण इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत, आणि नावात मुंबई असली तरी पडद्यावर ती शोधूनही सापडत नाही. कालीचा महापुजारी झाला आहे सायप्रसमध्ये जन्मलेला जॉर्ज पास्टेल. नायक कॅप्टन लुईसला जमिनीला खिळवून वर नाग सोडला जातो आणि त्याचं पाळीव मुंगूस धावून येतं, इथवर मजल. तरीही चित्रपटाची सुरुवात खरी वाटते. काफिले गायब होताहेत म्हणून व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीच्या दारी कुरकुरतात, वरिष्ठ लुईसचं ऐकत नाहीत आणि तपासाचं काम एका आळशी नवख्याच्या गळ्यात पडतं. स्थानिक अंमलदार ठगांना सामील असतो, हेही इतिहासाला सोडून नाही. एवढे धागे हाताशी असताना पटकथा देवळात शिरते आणि मग बाहेर येतच नाही.

1965 मध्ये बीटल्सच्या ‘हेल्प!’नं याच साच्याची टर उडवली. ‘कैली’ देवीचे भक्त बळी देण्यासाठी रिंगोच्या मागे लागतात, कारण बळीची अंगठी त्याच्या बोटातून निघत नाही. या सगळ्या यादीत हाच चित्रपट त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण आपण थापा मारतो आहोत हे त्याला माहीत आहे. शिवाय जॉर्ज हॅरिसननं सतार पहिल्यांदा हाताळली ती याच सेटवर, तेव्हा अगदीच वाया गेला म्हणता येणार नाही.

इकडे 1968 मध्ये एच. एस. रवैल यांनी महाश्वेता देवींच्या कथेवरून ‘संघर्ष’ काढला. काशीतल्या ठग घराण्यांचं वैर, दिलीपकुमार, बलराज साहनी, संजीवकुमार. गाणी आहेत, नाट्य ताणलेलं आहे, पण ठग कुणाचा तरी नातू आहे, कुणाचा तरी नवरा आहे. त्याला घर आहे.

मर्चंट-आयव्हरीचा ‘द डिसीव्हर्स’ आला 1988 मध्ये, जॉन मास्टर्सच्या 1952 च्या कादंबरीवरून. निर्माते इस्माइल मर्चंट मुंबईचे. सोबतीला शशी कपूर, सईद जाफरी, नीना गुप्ता. चित्रीकरण राजस्थानातलं, त्यामुळे धूळ खरी आणि उन्हंही खरी. पियर्स ब्रॉस्ननचा विल्यम सॅव्हेज अंगाला रंग फासून, गोपाळ विणकर बनून टोळीत शिरतो आणि हळूहळू त्याला खुनाची चटक लागते. विषय जबरदस्त होता. पण प्रेक्षकाला ठगाच्या मनात न्यायला गोरा माणूसच लागतो, ही अडचण चित्रपटानं सोडवली नाही. टेलरच्या कादंबरीत, त्याच्या दीडशे वर्षं आधी, ठग अमीर अली स्वतः बोलतो आणि साहेब बहुतेक वेळ नुसता ऐकतो.

अमीर अलीच्या जबानीवरही डोळे मिटून विश्वास ठेवावा असं नाही. फाशी टळावी म्हणून माफीचा साक्षीदार साहेबाला हवं ते सांगणारच, आणि 1836 च्या कायद्यानं तर टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप पुरे केली होती. इतिहासकार किम वॅग्नरनं 2007 मधल्या आपल्या पुस्तकात ठगी म्हणजे कालीचा पंथ ही समजूत बरीच खोडून काढली. रोजगार तुटलेले शिपाई, त्यांना आसरा देऊन वाटा घेणारे जमीनदार, अशा माणसांची ती लूटमार होती, असं चित्र त्यातून दिसतं. पडद्यासाठी याहून चांगला ऐवज तो कोणता?

ब्रिटिश टेलिव्हिजन या वाटेला गेलं नाही. 2019 मध्ये आयटीव्हीनं 1795 च्या दिल्लीवर ‘बीचम हाऊस’ ही मालिका आणली, तीही गुरिंदर चढ्ढासारख्या पंजाबी घरातल्या दिग्दर्शिकेची. तिचा नायक कंपनीची नोकरी सोडून आलेला भला, देखणा साहेब. सहा भाग झाले आणि पुढचा हंगाम काही निघाला नाही.