नाव सांगणारा शेजारी

आमचं श्रीगोंदा म्हणजे शिंद्यांच्या जहागिरीचं गाव. महादजींचं नाव निघालं की इथला माणूस आजही ताठ बसतो. पण १७९४ साली महादजी गेले, त्यानंतरची आठ वर्षं मात्र आम्ही भराभर पानं उलटून ओलांडतो. कारण ती वर्षं आपसातल्या लढाईची आहेत. १७९८ मध्ये महादजींच्या विधवा दौलतरावांविरुद्ध उभ्या राहिल्या. १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं गेलं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतरावांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या, आणि वर्षअखेरीस बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह केला.

अशा यादवीत सामान्य माणसाचं काय होतं? मी कविता लिहिणारा माणूस, राज्यशास्त्र बी.ए.पुरतं वाचलेलं. पण या प्रश्नाचा पिच्छा पुरवणारा एक अभ्यासक मला भेटला तो पुस्तकातून. त्यांचं नाव स्टाथिस कालिवास. १९६४ साली जन्मलेले हे ग्रीक गृहस्थ शिकागो विद्यापीठाचे डॉक्टरेट. त्यांचं पहिलं पुस्तक युरोपातल्या ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षांवरचं. मग ते स्वदेशातल्या यादवीकडे वळले. अर्गोलिड प्रांतातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्यांनी बोलतं केलं, जुनी दप्तरं चाळली आणि १९४३-४४ च्या जर्मन अंमलात कुठल्या गावात किती माणसं मारली गेली, ते गाववार मांडलं. त्यातून २००६ साली यादवीतल्या हिंसाचारावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. येल विद्यापीठात शिकवून २०१८ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले.

शेजारशेजारची दोन गावं. एकात कत्तल, दुसऱ्यात शांतता. असं का? कालिवास म्हणतात, बंदूकवाल्याला माणसं ठाऊक नसतात. नाव गावातलाच कुणी सांगतो. आणि सांगताना बांधाचं भांडण, मोडलेली सोयरीक, जुना हेवा यांचाही हिशेब चुकवून घेतो. जिथं एकाच पक्षाची पूर्ण सत्ता, तिथं मारायची गरज उरत नाही. जिथं दोघांचं बळ सारखं, तिथं उद्याच्या सूडाच्या भयानं तोंडं बंद राहतात. सर्वांत जास्त रक्त सांडतं ते एकाचा वरचष्मा असूनही दुसरा पुरता हटलेला नसतो, तिथं.

हे वाचल्यावर १७९८ चं पुणं मला वेगळं दिसू लागलं. दौलतरावांना द्यायचा पैसा पेशव्यांकडे नव्हता. तो वसूल करण्यासाठी सर्जेराव घाटग्यांनी पुणेकरांचे हाल केले. इतिहासात नाव राहिलं ते घाटग्यांचं. पण कुणाच्या घरात काय दडलंय, हे त्यांच्या शिपायांना कोण सांगत असेल? त्यांची नावं बखरीत शोधून काय मिळणार? ती घराघरांत पुरली गेली असणार.

म्हणून यादवीचा दोष केवळ सरदारांवर टाकून आपल्याला मोकळं होता येत नाही. फौज वेशीवर येते तेव्हा गाव वाचवण्याचं थोडंसं बळ गावाच्याच हाती असतं. ते बळ म्हणजे शेजाऱ्याचं नाव न सांगणं.